वैरागडे विमानवाले

भोपाळच्या कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमध्ये एके काळी दोन वैरागडे होते. एक लेथवर काम करायचे, ते वैरागडे लेथवाले. दुसरा आपला शांताराम. कारखान्यात तो पत्र्याच्या विभागात होता, पण त्याला ‘पत्रेवाला’ म्हणून तर बघावं कुणी! भर रस्त्यात सायकल आडवी घालून त्यानं जाब विचारला असता. तो वैरागडे विमानवाले. पोस्टमन क्वार्टरचा नंबर न बघता नुसत्या त्या नावावर पत्र आणून टाकायचा. गल्लीतली पोरं, मराठी असोत, बिहारी असोत की मल्याळी, त्याला विमानकाका म्हणायची.

नाव काही फुकट मिळालेलं नव्हतं. उमरेडच्या या पोरानं अठराव्या वर्षी एअरफोर्स गाठली आणि कानपूर, बागडोगरा, जोरहाट असं करत पंधरा वर्षं काढली. वैमानिक नव्हे हो. विमानाचं अंग दुरुस्त करणारा फिटर. पण ‘माझी सही झाल्याशिवाय वैमानिक शिडी चढत नसे’ हे वाक्य त्यानं भोपाळात जितक्या वेळा ऐकवलं, तितक्या सह्या तरी त्यानं खरंच केल्या असतील की नाही, देव जाणे. शहात्तर साली माजी सैनिक म्हणून तो कारखान्यात लागला. बैरागढच्या विमानतळाकडे निघालेलं विमान टाउनशिपवरून गेलं की हा सायकल थांबवायचा, वर न बघता नुसता कान द्यायचा आणि विमानाचं नाव सांगून मोकळा व्हायचा. बरोबर की चूक, तपासणार कोण? सगळे माना डोलवायचे. प्रमोशन हुकलं, त्याला चाललं. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावरचं मिळालं, तेही चाललं. विमानांच्या बाबतीत वैरागड्यांचा शब्द शेवटचा, एवढं त्याला पुरत होतं.

आता प्रभाकरबद्दल सांगायला हवं. प्रभाकर साठवणे हा शांतारामचा साडू. शांतारामची बायको सुमन आणि प्रभाकरची बायको मंदाकिनी या सख्ख्या बहिणी. मंदा सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न जुळवण्यापर्यंत सगळं सुमननं केलं. आणि या प्रभाकरचा कारखान्यातला नोकरीचा अर्ज कुणी लिहिला होता? शांतारामनं. स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात! हे त्याला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं.

प्रभाकर स्टोअर्समध्ये क्लार्क होता. गोल चेहरा, सदा हसतमुख, सदा घामाघूम. त्याला सगळं आपसूक मिळायचं, निदान शांतारामला तरी तसं वाटायचं. क्वार्टर मिळालं ते तळमजल्यावरचं, पुढे बाग, बागेत पेरूचं झाड. स्कूटरचा नंबर शांतारामनं आधी लावला, स्कूटर आधी आली प्रभाकरची. ‘नशीब लागतं बुवा,’ असं म्हणून शांताराम हसायचा, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. फक्त एक समाधान होतं. प्रभाकरला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं.

दोन हजार तीन साल उजाडलं तेव्हा शांताराम रिटायर होऊन सोनागिरीत स्वतःच्या घरात राहत होता. प्रभाकरनं त्याच्याही आधी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि कसल्या कसल्या योजना करत हिंडत होता. जुलैतल्या एका सकाळी शेजारचे शुक्लाजी फाटकातूनच ओरडले, “वैरागडेजी! आपके साढ़ू भाई तो हवाई जहाज ले आए!”

शांताराम दाढी करत होता. “क्या ले आए?”

“हवाई जहाज! ट्रॉले पर लदा है. आनंदनगर के आगे पूरा रोड जाम है, चलिए देखने.”

अर्ध्या दाढीनं गेला शांताराम. रायसेन रोडवर ट्रक, मिनीबस, टेम्पो सगळे अडकून हॉर्न वाजवत होते, आणि त्यांच्या मधोमध एका लांबलचक ट्रॉल्यावर खरोखरच विमान झोपलं होतं. धड वेगळं, पंख वेगळे, दोरखंडांनी बांधलेले. वर उभा राहून प्रभाकर टॉवेल हलवत ड्रायव्हरला ‘आने दो, आने दो’ करत होता. कुठल्याशा भंगाराच्या लिलावात घेतलं होतं म्हणे. रस्त्याच्या कडेला जागाही भाड्यानं घेऊन ठेवली होती. तिथं तो विमानात हॉटेल काढणार होता.

शांतारामनं विमान लांबूनच ओळखलं. दोन पंख्यांचं, जाड्या पोटाचं, जोरहाटला ज्याच्यावर त्यानं सहा वर्षं काढली तेच. त्याच्या पोटाखाली तो उताणा झोपून राहिलेला होता, त्याच्या एकेका रिव्हेटच्या ओळीवरून त्याचा हात फिरलेला होता. आणि आता त्याच्यावर उभा होता कोण, तर स्टोअर्समध्ये नटबोल्टच्या पावत्या फाडणारा प्रभाकर साठवणे! शांतारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग कसली, त्या माणसाला रडूच कोसळायचं बाकी होतं. भर गर्दीत त्याला वाटलं, हे माझं आहे. मला न विचारता माझं उचलून नेलं यानं.

“भाऊ!” वरून प्रभाकर ओरडला. “शांतारामभाऊ! बघा, काय आणलं!”

“छान, छान,” शांताराम म्हणाला आणि उरलेली दाढी करायला घरी गेला.

त्यानंतरचे दोन महिने त्याच्या वाट्याला जे आलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. दूधवाला विमानाची गोष्ट काढायचा. बँकेत पेन्शनच्या रांगेत विमान. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतून क्रेन आली, वेल्डर आले, जवाहर चौकातला पेंटर आला. विमानाला पंख लागले, चाकांवर उभं राहिलं, चकचकीत चंदेरी रंग चढला. प्रभाकरनं एक टोपी पैदा केली, कडेला सोनेरी पट्टी असलेली, आणि ती घालून तो उन्हात देखरेख करायचा. पोरं त्याला ‘कॅप्टन अंकल’ म्हणायला लागली. हीच पोरं, ज्यांच्या बापांकडून शांतारामनं विमानांची नावं पाठ करून घेतली होती!

गणपतीत तर कहर झाला. दर वर्षी महाराष्ट्र मंडळात एका संध्याकाळी शांतारामचं भाषण असायचं, ‘आकाशातले दिवस’. लोक जांभया द्यायचे, पण बसायचे. यंदा मंडळाचे सेक्रेटरी अनंत देवपुजारी घरी आले, चहा प्यायले, घसा खाकरला आणि म्हणाले, “वैरागडे, या वर्षी तुमच्या साडूंना सांगितलंय दोन शब्द बोलायला. लोकांची फार इच्छा होती.”

“कशावर बोलणार आहेत?”

“‘माझे विमान’,” देवपुजारी म्हणाले आणि बशीत बघत राहिले.

“बोलू द्या की,” शांताराम म्हणाला. “मालक माणूस आहे.”

त्या दिवशी त्यानं मंडळात पाऊल टाकलं नाही. पोट बिघडलंय असं कळवलं.

सुमनला मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. धाकट्या बहिणीचं असं काही झालं की ती दहा वर्षांनी तरुण दिसायची. पडद्याचं कापड निवडायला ती मंदाबरोबर जाऊन आली, मसाल्याची प्रमाणं लिहून दिली, स्वयंपाक्याला थालीपीठ शिकवून आली. एका दुपारी घरात शिरल्या शिरल्या म्हणाली, “अहो, ऐकलंत का? प्रभाकररावांनी विमानाला मंदाचं नाव दिलंय. शेपटीवर एवढ्या मोठ्या अक्षरात, ‘मंदाकिनी एअरवेज’. मंदा नुसती रडत होती हो.”

“रडेल नाहीतर काय,” शांताराम म्हणाला. “भंगारावर आपलं नाव बघून कुणीही रडेल.”

सुमननं त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही असं का बोलता त्यांच्याबद्दल?”

“मी काय बोललो? खरं ते बोललो.”

खरं म्हणजे त्याच्या जिवाची नुसती घालमेल होत होती. आणि एका गोष्टीची तो वाट बघत होता, हे त्यानं स्वतःपाशीही कबूल केलं नसतं. प्रभाकर आपल्याकडे येईल. यावंच लागेल त्याला. विमानाबद्दल विचारायचं तर भोपाळमध्ये दुसरा आहे कोण? तो येईल, म्हणेल, भाऊ, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही. मग आपण जरा आढेवेढे घेऊ, आणि मग जाऊ. सगळं विमान तपासू. लोक बघतील कोण तपासतंय ते.

आणि प्रभाकर आला की हो! नवरात्र बसायच्या आधी, हातात पोह्यांचा आणि जिलबीचा पुडा. पुढ्यात बसून म्हणाला, “भाऊ, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.”

शब्द न् शब्द तोच! शांतारामचा चेहरा असा काही खुलला की सुमनलाही बरं वाटलं.

“मी काय ठरवलंय,” प्रभाकर उत्साहानं पुढे सरकला, “तुम्हाला मस्त युनिफॉर्म शिवतो. पांढराशुभ्र. दारापाशी खुर्ची टाकतो. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही सलाम करायचा, दोन गोष्टी सांगायच्या विमानाच्या. पोरांना काय मजा येईल! आणि तुमचाही वेळ जाईल, भाऊ.”

प्रभाकरच्या मनात काही वाईट नव्हतं. तो माणूसच तसा, ज्याला आपल्याला आवडतं ते दुसऱ्याला आवडेल असं वाटतं. पण शांतारामला समोर दिसली ती दारातली खुर्ची आणि सलाम करणारा दरवान. साडूच्या दारात!

“मी विसरलो आता सगळं,” तो म्हणाला.

“काय बोलता! तुम्ही आणि विसरणार?”

“सत्तावीस वर्षं झाली, प्रभाकरराव. विमानातलं मला आता काही आठवत नाही. बघा कुणी दुसरा.”

प्रभाकरचा चेहरा उतरला. तो आणखी पाच मिनिटं बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि गेला. जिलबी तशीच राहिली. सुमननं ती दुसऱ्या दिवशी कामवालीला देऊन टाकली.

पण राहवतंय कुणाला? अष्टमीच्या दुपारी, कामगार जेवायला गेलेले बघून, शांताराम गुपचूप रायसेन रोडला गेला. विमानाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. चुका! जिकडे बघावं तिकडे चुका! डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा हवा, तिथं हिरवा लावलेला. पंखे फिरायला कूलरच्या मोटरी बसवलेल्या, त्यातही एक उलटी फिरणारी. आत डोकावला तर बसच्या शिटा! शेपटीचं सुकाणू वाकड्या अवस्थेतच वेल्डिंग करून टाकलेलं. शांताराम बोटांवर मोजत हिंडत होता. सतरापर्यंत मोजल्या. इतका सुखी तो जुलैपासून झालेला नव्हता.

शेवटी तो नाकापाशी आला. सवयीनं त्यानं बोटाच्या पेरानं टकटक केलं. धातूचा आवाज नव्हे, लाकडी फळीसारखा मंद आवाज आला. येणारच होता. या विमानाच्या नाकाची टोपी पत्र्याची नसतेच, फायबरची असते. आत रडार बसवायचं तर पुढे धातू चालत नाही. आणि हे नाक किती वर्षं उन्हात पडलेलं कोण जाणे. वरून चंदेरी रंग फासल्यामुळे पत्र्याशी एकजीव दिसत होतं, पण खाली अंगठ्यानं जरा दाबल्यावर ते करकरलं आणि केसाएवढी चीर उमटली. तेव्हाच त्याची नजर बाजूला मांडलेल्या स्टुलावर गेली. स्टुलावर परात, परातीत हळद-कुंकू, आणि नाकावर शेंदरानं काढून ठेवलेलं स्वस्तिक.

त्याच्या ध्यानात सगळं आलं. दसऱ्याला उद्घाटन होतं. घरात आपण नारळ दगडावर फोडतो, नवी गाडी आणली तर चाकापुढे जमिनीवर फोडतो. पण या कारखान्यातल्या माणसांची रीत वेगळी. तीस-तीस वर्षं विश्वकर्मा पूजेला त्यांनी नारळ यंत्रावरच फोडलेला. मिलिंग मशीन असो, प्रेस असो, त्याच्या लोखंडी अंगावर दाणकन आपटायचा, खोबरं वाटायचं आणि कामाला लागायचं. यंत्र म्हणजे ओतीव लोखंड, त्याला काय होतंय? प्रभाकरही स्टोअर्सच्या वजनकाट्यावर असाच नारळ फोडत आलेला. दसऱ्याला तो टोपी घालून या स्टुलावर चढणार आणि सगळ्या टाउनशिपसमोर आपल्या विमानाचं नाक फोडून घेणार.

सांगावं का? सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. तिथल्या चौकीदाराला दोन शब्द बोललं असतं तरी काम झालं असतं. शांताराम स्टुलापाशी उभा राहिला, आणि मग त्याच्या मनानं फिरून फिरून तीच गाठ घातली. मी विसरलोय ना सगळं? मला दारात बसवणार होते ना? मग होऊ दे. लोक बघतील तरी, विमान कुणाला कळतं आणि कुणाला नाही. तो हात पुसून घरी आला आणि त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

दसऱ्याच्या सकाळी टाउनशिप लोटली होती. विमानाला झेंडूच्या माळा, दारात रांगोळी, लाउडस्पीकरवर सनई. शुक्लाजी सहकुटुंब आलेले. देवपुजारी सोवळं नेसून पूजेला बसलेले. शांताराम इस्त्रीचा शर्ट घालून अगदी पुढे उभा राहिला. जागा त्यानं बघून घेतली होती, नाक समोर दिसेल अशी. सुमननं हिरवं इरकली नेसलं होतं, आणि मंदा तिला क्षणभर सोडत नव्हती.

पूजा झाली. प्रभाकर टोपी सारखी करत स्टुलाकडे गेला. देवपुजाऱ्यांनी त्याच्या हातात नारळ दिला. शांताराम टाचा उंचावून उभा राहिला.

आणि प्रभाकर थांबला. लोकांकडे वळून म्हणाला, “एक मिनिट. आम्हाला दोघांनाही आईवडील राहिले नाहीत. माझ्या मंदाला आई माहीत आहे ती एकच, तिची ताई. हा नारळ ताईंच्या हातून फुटणार. या, ताई.”

टाळ्या पडल्या. सुमन गोरीमोरी झाली. “अहो, मी कशी... मला नाही हो जमायचं,” असं म्हणत होती, पण मंदानं तिला हाताला धरून पुढे नेलं. प्रभाकरनं स्टूल घट्ट धरलं. पन्नाशी ओलांडलेली ती बाई, जिनं आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभं राहून काही केलं नव्हतं, पदर खोचून स्टुलावर चढली.

ओरड, शांतारामनं स्वतःला सांगितलं. आत्ता ओरड. पण ओरडून काय सांगणार? लोक विचारतील, माहीत होतं तर कालपर्यंत कुठं होतास? बुद्धी अशा वेळी किती पळवाटा काढते बघा. कदाचित फुटणार नाही. बाईमाणसाचा हात, हळूच लागेल. चीर काही फार मोठी नव्हती. तो हे सगळं घोळवत असताना सुमननं दोन्ही हातांत नारळ उचलला आणि मागे वळून गर्दीत नवऱ्याला शोधलं. शांतारामची आणि तिची नजरानजर झाली. त्यानं मान हलवली. का हलवली, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

सुमननं डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावून नारळ हाणला.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. नाकाला घमेल्याएवढं भोक पडलं, नारळ आत गेला आणि नारळामागून सुमनचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. आत नारळ घरंगळत गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सनई वाजतच होती. मंदा किंचाळली. प्रभाकरनं सुमनला धरून खाली उतरवलं. तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या होत्या, आणि फायबरच्या कडेनं मनगटावर लांब ओरखडा उठला होता, त्यातून रक्त येत होतं.

“अपशकुन झाला गं बाई,” मागून कुणीतरी म्हणालंच. सुमन पांढरीफटक पडली. “माझ्या हातून झालं,” ती मंदाला म्हणत राहिली. “मंदे, माझ्या हातून झालं गं.”

प्रभाकरकडे शांतारामनं कधी धड पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. त्या माणसाच्या तीन महिन्यांच्या मेहनतीला सगळ्यांदेखत भोक पडलेलं, आणि त्यानं पहिलं काय केलं, तर टोपी काढून हसला. “अपशकुन कसला? विमानानं नैवेद्य गिळला! आजवर कुठल्या मशीननं खाल्लाय असा?” लोक हसले. त्यानं खिशातला रुमाल सुमनच्या मनगटाला बांधला आणि म्हणाला, “ताई, नाक काय, चार दिवसांत नवं बसवू. तुमचा हात बघू आधी.”

एवढ्यावर निभावलं असतं. पण शुक्लाजी शांतारामकडे वळून म्हणाले, “वैरागडेजी, आप तो एयरफोर्स वाले हैं. आपको पता नहीं था?”

पंधरा-वीस माना वळल्या. शांतारामनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी प्रभाकर बोलला. साडूला लाज वाटू नये म्हणून, मनापासून बोलला. “अरे शुक्लाजी, भाऊंना नोकरी सोडून जमाना झाला. विमानातलं ते सगळं विसरलेत, मला स्वतः म्हणाले होते. त्यांना कसं कळणार बिचाऱ्यांना?”

बिचाऱ्यांना! सगळे समजुतीनं माना हलवायला लागले. देवपुजारी हलवायला लागले. एक पोरगं सुद्धा हलवायला लागलं. आणि शांतारामच्या डोक्यात काहीतरी सटकलं.

“मला कळणार नाही?” तो ओरडला. “मला? अरे, या विमानाचं नाक फायबरचं असतं हे मी झोपेत सांगेन! तुम्ही लोकांनी रंग फासून ठेवलाय, तुम्हाला काय कळतंय? परवा येऊन मी बोटानं टकटक केलं, तेव्हाच मला समजलं होतं, नारळ लागला की हे फुटणार! दिवे उलटे लावलेत, सुकाणू वाकडं आहे, सतरा चुका आहेत, सतरा! मोजल्यात मी! आणि म्हणे विसरले!”

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. कुणीतरी लाउडस्पीकर बंद केला. रस्त्यावरून एक मिनीबस गेली. त्याला विमान कळतं याबद्दल आता टाउनशिपमध्ये कुणालाही शंका उरली नव्हती.

“परवा?” सुमननं विचारलं. रुमाल बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता.

प्रभाकर शांतारामकडे बघत होता, रागानं नाही, कोड्यात पडल्यासारखा. मग तो वळला आणि लोकांना म्हणाला, “चला, आत चला. पोहे गार होतायत.”

सुमन दिवसभर तिथंच थांबली. एका हातानं तिनं पानं वाढली, आपट्याची पानं वाटली, बायकांशी हसून बोलली. शांतारामलाही कुणीतरी बशी आणून दिली. देवपुजारी त्याला सोनं देऊन तसेच पुढे गेले. तो विमानाच्या पंखाखाली सावलीत उभा राहिला, आणि पोरं त्याच्या बाजूनं पळत जाऊन कॅप्टन अंकलला सोनं देत होती.

संध्याकाळी दोघं घरी आले. टेम्पोत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. घरी आल्यावर तिनं देवापुढे दिवा लावला, सोनं ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. शांताराम दारात उभा राहिला. कुणीतरी बोलायला हवं होतं.

“मी सांगणारच होतो,” तो म्हणाला. “मला काय ठाऊक तुझ्या हातात देतील म्हणून? प्रभाकररावच फोडणार होते. मला वाटलं...”

“हो,” सुमन म्हणाली. तिनं परात घेतली, पीठ चाळलं. “तेही कळलं मला. त्यांच्या हातून फुटायला हवं होतं.”

शांतारामनं चौकटीला हात टेकवला.

“मी स्टुलावर चढले ना, तेव्हा माझे पाय लटपटत होते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “एवढ्या लोकांत मी कधी उभी राहिले नाही. म्हणून तुम्हाला शोधलं. तुम्ही बघत होतात माझ्याकडे. मान हलवलीत. मला वाटलं, कौतुकानं बघताय. म्हणून तर जोरात मारला.”

मग तिनं पिठात पाणी घातलं आणि डाव्या हातानं कणीक मळायला घेतली. मी मळतो, असं म्हणावं म्हणून शांताराम एक पाऊल आत आला. तिनं वर न बघता परात जवळ ओढून घेतली.